लातूर ते सस्कॅचेवान: घड्याळ, शेती आणि गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात राहणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं आत्ता किती वाजलेत?" आणि दुसरा, "तिकडची शेती कशीय?" दोन्हीची उत्तरं परत परत टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. तुलना लातूर जिल्ह्याशी, कारण एक तर माहिती तिथलीय आणि दुसरं म्हणजे दोन्हीकडं डाळ पिकते नि दोन्हीकडं घड्याळाला कुणी हात लावत नाही. खाली "इकडं" म्हटलं की सस्कॅचेवान आणि "गावाकडं" म्हटलं की लातूर, एवढं धरून चाला.

दोन्हीकडच्या वेळेत नक्की फरक किती?

साडेअकरा तास. गावाकडचं घड्याळ पुढं. बारा महिने तेवढाच.

डोक्यातल्या डोक्यात हिशेब कसा करायचा?

गावाकडच्या वेळेत अर्धा तास मिळवा आणि सकाळची संध्याकाळ करा, झालं काम. लातूरला संध्याकाळचे सहा वाजले की इकडं त्याच दिवशी सकाळचे साडेसहा. लातूरला सोमवारी सकाळचे दहा म्हणजे इकडं रविवारी रात्रीचे साडेदहा, म्हणजे तुम्ही पोहे खाऊन निवांत फोन लावता तेव्हा इकडचा माणूस अंथरुणात शिरलेला असतो. तारखेचा घोळ होतो सगळ्यांचा, तर एवढं ध्यानात ठेवा की लातूरला सकाळचे साडेअकरा वाजेपर्यंत इकडं कालचीच तारीख चालू असते. वाढदिवसाचे मेसेज एक दिवस आधी येतात ते यामुळंच.

पण टोरंटोचा पाव्हणा तर साडेनऊ तास म्हणतो, कधी साडेदहा म्हणतो. खरं कोण?

दोघंही खरे. टोरंटोत मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढं नि नोव्हेंबरात मागं करतात, म्हणून तिथला फरक उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. सस्कॅचेवानमध्ये ही भानगड नाही. कॅनडा म्हणजे एकच वेळ असं समजू नका, न्यूफाउंडलंडमध्ये तर आपल्यासारखी अर्ध्या तासाचीसुद्धा वेळ आहे.

सस्कॅचेवानमध्ये घड्याळ का बदलत नाहीत? शेतकऱ्यांमुळं?

थोडंफार हो. पूर्वी इकडं प्रत्येक गाव नि शहर आपापलं ठरवायचं, एका गावात एक वेळ, पुढच्या गावात दुसरी, रेल्वेची तिसरीच. १९६६ मध्ये प्रांतानं वेळेचा कायदा केला आणि बहुतेक भागाला सेंट्रल स्टँडर्ड टाइम लावून टाकला. शेतकरी घड्याळ पुढं-मागं करायच्या विरोधात होते आणि त्यात काही चूक नव्हतं, गाईला काय घड्याळ कळतं का, आणि सकाळचं दव वाळल्याशिवाय हार्वेस्टर घालता येत नाही ते नाहीच. लोकांचा उगाच समज आहे की डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करणं) शेतकऱ्यांसाठी काढलं. देशभर ते पहिल्यांदा राबवलं १९१६ मध्ये जर्मनीनं, महायुद्धात इंधन वाचवायला.

आता खरी गंमत सांगतो. सेंट्रल टाइमचं मूळ रेखावृत्त आहे ९० अंश पश्चिम आणि इकडचं सास्काटून शहर आहे जवळपास १०६.७ अंशावर. एक अंश म्हणजे चार मिनिटं, करा हिशेब, तासाहून जास्त फरक पडतो. म्हणजे सूर्य डोक्यावर येतो दुपारी एकच्या पुढं. भूगोलाप्रमाणं हा प्रांत शेजारच्या अल्बर्टासारखा माउंटन टाइममध्ये (सेंट्रलच्या तासभर मागं) बसायला पाहिजे. आम्ही घड्याळ बदलत नाही म्हणून मिरवणारा हा प्रांत खरं तर बारा महिने तासभर पुढं सरकूनच बसलाय, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही.

सगळ्या प्रांतात एकच वेळ?

नाही. लॉयडमिन्स्टर नावाचं शहर अर्धं सस्कॅचेवानमध्ये आणि अर्धं अल्बर्टात आहे, हद्द भर शहरातल्या रस्त्यावरून जाते, तर ते अख्खं शहर अल्बर्टाच्या घड्याळावर चालतं आणि कायद्यानं त्याला तशी मुभा आहे.

मग आपलं घड्याळ तरी बरोबर आहे का?

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते ती. लातूर ७६.५ च्या आसपास. म्हणजे लातूरचा सूर्य घड्याळाच्या साधारण २४ मिनिटं मागं. गावाकडं "बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं" म्हणतात तेव्हा ऊन अजून डोक्यावर यायचं असतं. मुंबईनं तर स्वतःची वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची, पार १९५५ पर्यंत चालवली. आसामात चहाच्या मळ्यांवर अजून 'बागान टाइम' आहे, तासभर पुढचा. त्यामानानं लातूरचं बरंच बरं चाललंय.

तिकडं रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणतात, खरं का?

खरंय. सास्काटूनला २१ जूनच्या आसपास सूर्य पावणेपाचला उगवतो आणि साडेनऊला मावळतो, नंतरही बराच वेळ संधिप्रकाश राहतो. पावणेसतरा तासांचा दिवस. पोरं झोपत नाहीत, खिडक्यांना जाड काळे पडदे लावावे लागतात. डिसेंबरात उलटं, सूर्य सव्वानऊला दिसतो आणि पाचच्या आत गायब, जेमतेम साडेसात-पावणेआठ तास. शेतावरच्या घरातली पोरं स्कूलबसमध्ये अंधारात बसतात आणि परत येईपर्यंत पुन्हा अंधारायला लागलेलं असतं.

लातूरला जूनमध्ये पावणेसहा ते सात, डिसेंबरात पावणेसात ते सहाच्या आत. सगळ्यात मोठा नि सगळ्यात छोटा दिवस यात दोनच तासांचा फरक. म्हणून आपल्याकडं कुणी घड्याळ बदलायची मागणी केली तरी त्यातून मिळणार काय, काहीच नाही.

फोन कधी लावावा म्हणजे दोघंही जागे आणि मोकळे असतील?

घड्याळापेक्षा महिना बघा. गावाकडं संध्याकाळचे सात ते आठ म्हणजे इकडं सकाळचे साडेसात ते साडेआठ, हिवाळ्यात ही वेळ उत्तम, कारण तेव्हा इकडच्या शेतकऱ्याला बाहेर जायची घाई नसते (जनावरं असतील तर असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई व्यायला लागल्या की रात्रीबेरात्री उठून उणे २५ मध्ये गोठ्यात जावं लागतं). मे महिना पेरणीचा आणि ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत काढणीचा, या दिवसांत कुणी फोन उचलत नाही आणि उचलला तर मागं हार्वेस्टरचा आवाज येतो. काढणीत दुपारपर्यंत थांबायचं, दव वाळू द्यायचं आणि मग धान्यात परत ओलावा धरेपर्यंत म्हणजे कधी कधी मध्यरात्रीपर्यंत मशीन चालवायचं, जेवणाचे डबे शेतातच येतात. त्यांची रात्रीची बारा म्हणजे आपली सकाळची साडेअकरा.

आणि गावाकडच्या माणसाचं काय? तो रात्री झोपलेला असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? पुढचा प्रश्न वाचा.

गावाकडचा शेतकरी रात्री दोनला ऑनलाइन कसा दिसतो?

लाईट. शेतीपंपाची थ्री फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री, आलटून पालटून. रात्रपाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री जावं लागतं, बॅटरी घेऊन, पायात बूट असतील तर नशीब, साप-विंचवाची भीती डोक्यात घेऊन दारं धरायची. मधेच फेज गेला की बसायचं बांधावर मोबाईल बघत. गावाकडचं खरं टाइमटेबल प्रमाणवेळेनं नाही, फीडरच्या पाळीनं ठरतं, हे माझं स्पष्ट मत आहे. सौरपंप आल्यापासून काही जणांची रात्र सुटली, पण सगळ्यांची नाही.

इकडं हा त्रास नाही, कारण इकडं बहुतेक शेतीला पाणीच देत नाहीत. सगळी कोरडवाहू. गार्डिनर धरणाच्या (१९६७ चं) आसपास थोडं बागायत आहे, बाकी पाऊस नि वितळलेला बर्फ यावरच. ऐकून आपल्या लोकांना धक्का बसतो.

पाऊस किती पडतो मग?

सास्काटूनला वर्षाला साधारण ३५० मिलिमीटर, त्यातला काही बर्फ म्हणून. लातूरला सरासरी याच्या दुपटीच्या आसपास. तरी टँकर लातूरला लागतात आणि एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. कारणं बरीच, पण एक मोठं म्हणजे आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, पुढं ऊन बाष्पीभवन करतं, आणि माणसं किती ते बघा, लातूर जिल्ह्याचीच लोकसंख्या २०११ ला साडेचोवीस लाख, आणि अख्ख्या सस्कॅचेवानची २०२१ ला ११ लाखांच्या थोडी वर. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. दुष्काळ इकडंही पडतो, १९३० च्या दशकात माती उडून गेली, लोक शेतं सोडून गेले. २०२१ ला पण पिकं वाळली.

माती उडू नये म्हणून इकडं आता बहुतेक जण नांगरतच नाहीत, आधीच्या पिकाची धसकटं तशीच ठेवून त्यातच पेरतात, धसकटात बर्फ अडकतो, तेवढीच ओल. गावाकडं कुणाला सांगितलं की नांगरट नाही तर तो म्हणतो आळशी आहेत. आळशी नाहीत हो.

जमीन कशी असते? काळी का?

रेजायना या प्रांताच्या राजधानीभोवतीच्या मैदानात भारी चिकणमाती आहे, ओली झाली की बुटाला किलो किलो चिकटते, वाळली की भेगा पडतात. आपल्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला तिथं उभं राहिलं की पाय ओळखीचे वाटतात. बाकी ठिकाणी वेगवेगळी.

सरासरी शेत किती एकराचं? १,७०० एकर खरं का?

२०२१ च्या जनगणनेत १,७६६ एकर. महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर म्हणजे सव्वातीन एकर. यावर सगळे "बापरे" म्हणतात आणि पुढं ऐकतच नाहीत, म्हणून पुढचं नीट वाचा.

पहिलं, एकरी उतारा आपल्याहून फार भारी नाही. मसूर बऱ्या साली एकरी पाच ते सात क्विंटल. लातूरचा हरभरा जरा पाणी मिळालं तर याच्या पुढं जातो. दुसरं, वर्षात पीक एकच. मेच्या अखेरीपर्यंत दहिवर (गोठलेलं दव) पडू शकतं आणि सप्टेंबरच्या मध्याला परत पडतं, मधल्या साडेतीन महिन्यांत काय ते उरका. आपण सोयाबीन काढून हरभरा टाकतो, सोबत तूर उभी असते, ते इकडं शक्य नाही. तिसरं, नवीन मोठं हार्वेस्टर जवळपास दहा लाख कॅनडियन डॉलरच्या घरात जातं, ते कर्जावर. जमिनीतली बरीच खंडानं केलेली. म्हणजे उलाढाल मोठी, कर्जही मोठं, आणि एक साल बुडालं तर आकडा बघून आपल्याला चक्कर येईल. कष्ट करायला माणसं मात्र घरची दोन-तीन. सालगडी नाही, पाडव्याला नवा करार नाही, खुरपायला बायका नाहीत, सगळं फवारणीवर.

आता श्रीमंत कोण हे तुम्हीच ठरवा, पण पीक गेलं तर विमा इकडं बराच व्यवस्थित चालतो एवढं मात्र मान्य करावं लागेल.

एवढी जमीन आली कुठून लोकांकडं?

१८७२ च्या कायद्यानं सरकारनं दहा डॉलर फीवर १६० एकर द्यायला सुरुवात केली, अट एवढीच की तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची. त्याआधी तिथं क्री, सोटो, नाकोटा वगैरे मूळनिवासी लोक राहत होते, १८७४ आणि १८७६ च्या करारांनंतर त्यांना छोट्या राखीव जागांवर ढकललं. हा भाग शेतकरी मेळाव्यात कमी ऐकू येतो. मोजणी आधी, वस्ती नंतर, म्हणून सगळा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा, एक मैल बाय एक मैलाचा चौकोन म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव म्हणजे १६०. बांध वाकडा नाही, गट नंबरावरून भावकी नाही. बांध कोरायचा म्हटलं तरी कोरणार कुठून, मधे बऱ्याचदा रस्ता असतो.

गाव कसं असतं तिकडं?

आपल्यासारखं गाव नसतंच. आपल्याकडं घरं गावठाणात एकाला एक लागून आणि रान लांब, इकडं घर रानातच, शेजारी मैल-दोन मैलांवर. घराभोवती वाऱ्याला अडवायला झाडांच्या रांगा, ती रोपं इंडियन हेड नावाच्या गावातल्या सरकारी नर्सरीतून यायची, १९०१ ते २०१३. छोटी गावं होती ती एलिव्हेटरभोवती (धान्य साठवून रेल्वेत चढवायचं उंच लाकडी कोठार) वसली, एकेकाळी सस्कॅचेवानमध्ये असे तीन हजारांवर एलिव्हेटर होते. रेल्वेलाईन बंद झाली, एलिव्हेटर पडला, शाळा दुसऱ्या गावात गेली की गाव संपलं. आपल्याकडं गाव ओस पडतं ते माणसं पुण्याला गेल्यानं, तरी सणाला भरतं. इकडं भरत नाही.

पण चावडी आहे बरं का. सकाळी सात-आठला गावातल्या को-ऑपच्या (सहकारी दुकानाच्या) किंवा पेट्रोलपंपाच्या टेबलावर म्हातारे शेतकरी कॉफी घेऊन बसतात, भाव, पाऊस, सरकारला शिव्या आणि कुणी काय नवीन ट्रॅक्टर घेतला, हुबेहूब पारावरचं. भाषा सोडली तर काही फरक नाही.

हिवाळ्यात सहा महिने करतात काय?

मशीन दुरुस्त करतात, धान्य विकतात, आइस हॉकी नि कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) खेळतात. इंजिन गरम राहावं म्हणून ट्रक रात्रभर प्लगला लावून ठेवतात नाहीतर सकाळी इंजिन चालू होत नाही.

गावाकडं मात्र डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. येळवस (वेळ अमावस्या) याच दिवसांत येते, सगळं घर रानात, भज्जी, उंडे, आंबील, ज्वारीच्या पेंढ्यांची कोपी. येळवशीला इकडं उणे तीस असू शकतं, रानात जाऊन कुणी जेवत नाही. त्याच्या जवळचं काही असेल तर ते ऑक्टोबरातलं गावजेवण, काढणी संपली की गावच्या हॉलमध्ये टर्की, बटाटे आणि 'पाय' नावाचा गोड पदार्थ. चव आंबिलीची येत नाही, पण पंगत ती पंगत.

आपल्या घरातली मसूर तिकडून येते हे खरं का?

खरंय. कॅनडाच्या मसुरीतली ९० टक्क्यांच्या आसपास सस्कॅचेवानमध्ये पिकते आणि भारत मोठं गिऱ्हाईक आहे. ५०-५५ वर्षांपूर्वी इकडं मसूर कुणाला माहीत नव्हती. १९७२ मध्ये अल स्लिंकार्ड नावाचे शास्त्रज्ञ सस्कॅचेवान विद्यापीठात आले, १९७८ ला त्यांनी 'लेयर्ड' वाण दिलं, तिथून सुरू झालं. आधी रान एक साल पडीक ठेवायचे, त्याऐवजी डाळी घ्यायला लागले, नत्रही मिळालं.

आता अवघड भाग. इकडचा शेतकरी मोबाईलवर आपला मान्सून बघतो, कारण आपल्याकडं पाऊस कमी की त्याला भाव. आणि लातूरच्या मोंढ्यात हरभरा घेऊन बसलेला माणूस पिवळ्या वाटाण्याच्या आयातीला शिव्या घालतो, कारण बेसनात तो हरभऱ्याच्या जागी खपतो. नोव्हेंबर २०१७ ला भारतानं वाटाण्यावर ५० टक्के आणि महिनाभरात मसूर नि हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा इकडं कॉफीच्या टेबलावर सुतक होतं. पुढं डिसेंबर २०२३ ला वाटाण्याचं शुल्क काढलं तेव्हा सुतक गावाकडं. दिल्लीत सही एक, आणि साडेअकरा तासांच्या अंतरानं दोन घरांत दोन वेगळे चेहरे. माझी स्वतःची पंचाईत अशी की कुणाच्या बाजूनं बोलावं तेच कळत नाही, गावाकडच्याच बोलतो शेवटी.

सोयाबीनचा भाव शिकागोवर ठरतो म्हणतात, ते मार्केट कधी उघडतं?

दिवसाचं सत्र शिकागोत सकाळी साडेआठला. भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी सात, हिवाळ्यात आठ. शिकागोवाले घड्याळ बदलतात, आपण दोघंही नाही, म्हणून दोन्हीकडं वर्षातून दोनदा ही वेळ तासानं सरकते.

सणवार, तिथी कुठली धरायची, गावाकडची का तिकडची?

तिथी बदलायचा क्षण सगळ्या जगात एकच, पण सण ठरतो तुमच्या गावच्या सूर्योदयाला (काही सण प्रदोषाला, काही चंद्रोदयाला) कुठली तिथी आहे त्यावर. इकडचा सूर्योदय ऋतूप्रमाणं साधारण साडेदहा ते चौदा तासांनी होतो, तोवर तिथी पुढं गेलेली असू शकते, म्हणून कधी कधी पाडवा इकडं आदल्या तारखेला येतो. संकष्टीचा चंद्रोदय तर कॅलेंडरवरचा अजिबात चालत नाही, स्थानिक वेळ बघा, जूनमध्ये चंद्राची वाट बघत मध्यरात्र उलटू शकते. श्राद्धासाठी गावच्या गुरुजींना शहराचं नाव सांगा, हल्ली ते मोबाईलवर शहर टाकून काढून देतात.

तिकडं जमीन घेता येते का?

कॅनडाचे नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असाल तर हो. बाहेरच्या देशात राहणाऱ्या परक्या माणसाला प्रांताच्या कायद्यानं दहा एकरांवर शेतजमीन घेता येत नाही. आपल्याकडं पण शेतकरी असल्याचा पुरावा लागतोच की. पीआर झालात तरी आधी एखाद्या शेतावर एक काढणी मजूर म्हणून करा आणि एक हिवाळा काढा, मग बँकेत जा.